जुन्या कामगाराला जे सांगता येत नाही, ते नव्याला शिकवायचं कसं?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा, मशीनजवळ लॅमिनेट केलेली एसओपी, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची यादी, टांगलेली दिसेल. जॉब (कापायचा तुकडा) पुसा, चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) लावा, दरवाजा बंद करा, सायकल स्टार्ट करा, दर पाचव्या जॉबचा साइज तपासा, टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या मर्यादेच्या, कडेला गेला तर ऑफसेट द्या, म्हणजे मशीनला साइजची दुरुस्ती द्या. आयटीआय करून आलेला पोरगा हे सगळं आठवड्याभरात पाठ करतो. लेखी परीक्षा घेतली तर पैकीच्या पैकी. तरी रात्रपाळीत त्याच्या मशीनवर ट्रे भरून रिजेक्शन निघतं. शेजारच्या मशीनवर तीच एसओपी, तेच ड्रॉइंग आणि तोच माल असतो. तिथला पन्नाशीचा सेटर (मशीन लावून देणारा जाणता कामगार) मात्र चहा पिऊन येता येता नुसत्या आवाजावरून म्हणतो, "टिप बदल रे त्या मशीनची." टिप म्हणजे धातू कापणारी बदलती धार.

त्या सेटरला विचारा, "काका, तुम्हाला कसं कळलं?" उत्तर ठरलेलं असतं: "सवयीने कळतं हो." ते काही लपवत नसतात. खरंच त्यांना सांगता येत नाही. आणि आपले बहुतेक प्रशिक्षण कार्यक्रम जे सांगता येतं तेवढ्यावरच उभे असतात. कंपनी सेटरला वर्गात उभं करते, तो एसओपीच पुन्हा वाचून दाखवतो, शेवटी उपस्थितीपत्रकावर सह्या होतात.

सवयीने कळणारी ही गोष्ट बाहेर काढून ती शिकवण्याजोगी करायच्या पद्धतींना मिळून कॉग्निटिव्ह टास्क ॲनालिसिस म्हणतात. पुढे मी सीटीए एवढंच लिहितो. हा लेख प्रशिक्षण विभागात नव्याने आलेल्यांसाठी आहे. छोट्या कारखान्यात "ट्रेनिंगचं तूच बघ" असं सांगून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय, त्यांच्यासाठी तर नक्कीच. मानसशास्त्राची पदवी लागत नाही, पण धीर लागतो.

थोडी पार्श्वभूमी

जॉन फ्लॅनगन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर आणि प्रशिक्षणावर काम करत होते. "चांगला वैमानिक कसा असतो?" असं मोघम विचारण्यापेक्षा नेमकी घडलेली घटना विचारायची, ही त्यांची पद्धत. ती १९५४ साली लेखाच्या रूपात प्रसिद्ध झाली. पुढे १९८० च्या दशकात गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला. प्रमुख दोन-चार पर्याय समोर ठेवून तुलना करत असतील, असा अंदाज होता. पण त्यातले बहुतेक जण म्हणाले की आम्ही निर्णय असा घेतच नाही, काय करायचं ते दिसतंच. मग "दिसतं" म्हणजे नेमकं काय दिसतं, हे खोदून काढणारी मुलाखतीची पद्धत त्यांनी १९८९ मध्ये मांडली.

मला यातलं सर्वांत बोलकं उदाहरण नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातलं वाटतं. बेथ क्रँडल आणि कॅरन गेचेल-रायटर यांनी तिथल्या अनुभवी परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या आणि तो अभ्यास १९९३ साली छापला. बाळाला जंतुसंसर्ग होतोय हे या बायकांना तपासणीचा अहवाल येण्याआधीच जाणवायचं. कशावरून, ते मात्र सांगता यायचं नाही. एकेक प्रत्यक्ष प्रसंग उलगडून विचारलं तेव्हा खुणांची यादी निघाली, आणि त्यातल्या काही खुणा तेव्हाच्या वैद्यकीय लिखाणात नव्हत्याच.

रिचर्ड क्लार्क आणि सहकाऱ्यांचे शल्यविशारदांवरचे अभ्यासही ध्यानात ठेवा. तज्ज्ञ माणूस स्वतःहून काम समजावून सांगतो तेव्हा तो घेत असलेल्या निर्णयांपैकी ७० टक्क्यांपर्यंत निर्णय त्याच्या सांगण्यातून निसटतात, असं त्यांना आढळलं. वर्गात उभा राहून शिकवणारा आपला सेटर यात कुठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

आधी काम निवडा, आणि ते लहान ठेवा

प्रत्येक कामाला सीटीए लागत नाही. पॅलेटवर खोकी रचणं, मशीनची साफसफाई, रजिस्टर भरणं याला साधी एसओपी पुरते. तिथे हे घोडं दामटलं तर वेळ वाया जाईल आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला मुलाखतीला माणूसही देणार नाही.

दोन प्रश्न विचारा. एसओपी एकच असताना जुन्या आणि नव्या माणसाच्या कामात ठळक फरक पडतो का? आणि चुकलं तर महागात पडतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर ते काम घ्या. मशीन शॉपमध्ये साइज सांभाळणं, मेंटेनन्समध्ये बिघाड शोधणं, फाउंड्रीत ओतकाम करताना धातूचा अंदाज घेणं, दवाखान्यात कुठल्या पेशंटकडे आधी धावायचं ते ओळखणं, ही अशी कामं.

निवडलेलं काम आणखी बारीक करा. "सीएनसी शिकवणे" हा विषयच नव्हे. "टर्निंग मशीनवर शाफ्टचा बाहेरचा व्यास शिफ्टभर टॉलरन्समध्ये ठेवणे" हा विषय झाला. पुढचं सगळं उदाहरण याच कामाचं घेतो.

मुलाखतीआधी स्वतः शिका

एसओपी, ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन आणि गेल्या काही महिन्यांचे रिजेक्शन रिपोर्ट वाचा. मग एक अख्खी शिफ्ट मशीनजवळ उभे राहा. रात्रपाळी असेल तर उत्तमच, कारण तेव्हा विचारायला साहेब नसतात आणि निर्णय खरोखर ऑपरेटरच घेतो. ऑफसेट, इन्सर्ट (म्हणजेच टिप), जॉ (चकचे पकडणारे दात), बर (कापल्यावर कडेला राहिलेला खरखरीत धातू), चॅटर (कापतानाची थरथर) हे शब्द तुम्हाला समजत नसतील तर सेटर तुम्हाला पाहुणा समजून सोपं करून सांगेल. सोपं केलेलं आपल्याला नकोच आहे. उलट तुम्ही स्वतः पंधरा वर्षं मशीन चालवलेली असेल तर वेगळा धोका असतो. तुम्ही अर्धी उत्तरं मनातच पूर्ण कराल. अशा वेळी मुलाखतीला मशीन न चालवलेला एखादा सहकारी बरोबर घ्या. त्याचे "येडे" प्रश्नच कामाला येतात.

जाणकार कोण?

सर्वांत ज्येष्ठ माणूस जाणकार असेलच असं नाही. वीस वर्षं एकाच मशीनवर एकच जॉब चालवलेला माणूस त्या जॉबपुरता चांगला असतो, पण जॉब बदलला की अडतो. शॉपमध्ये एकच प्रश्न विचारत फिरा: "रात्री मशीन त्रास द्यायला लागली तर तुम्ही कोणाला फोन करता?" दोन-तीन नावं सगळ्यांच्या तोंडी येतील. तीच तुमची माणसं. तीन-चार जणांच्या पुढे नवीन माहिती फार थोडी मिळते, पण एकावर मात्र विसंबू नका. प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. एकत्र बसवलंत तर मोठा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात.

इथे एका अवघड गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती फारशी येत नाही. आपल्याकडे अर्धा शॉप कंत्राटी असतो. "माझ्याकडचं सगळं लिहून घेतलं की माझी गरज काय राहणार?" ही शंका कामगाराच्या मनात येतेच, आणि ती बिनबुडाची नाही. म्हणून व्यवस्थापनाशी आधीच बोलून घ्या: माहिती कशासाठी वापरणार, माणसाचं नाव प्रशिक्षण साहित्यात त्याला हवं असेल तरच येणार, आणि मुलाखतीचा वेळ शिफ्टमध्येच धरला जाणार किंवा ओव्हरटाइम मिळणार. मगच सेटरकडे जा. शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस उभी असताना कोणी मनापासून बोलत नाही. मुलाखत मॅनेजरच्या केबिनमध्ये नको आणि सुपरवायझर शेजारी नको. कँटीनचा कोपरा चालेल. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा, नाही म्हणाले तर मुकाट वही काढा.

कामाचा कच्चा नकाशा

पहिल्या भेटीत अर्धा तास पुरतो. कोरा कागद ठेवा आणि म्हणा, "हे काम तीन ते सहा टप्प्यांत सांगा, फार खोलात नको." सेटर सांगेल: सेटिंग, पहिला पीस, चालू उत्पादनात साइज बघणं, टिप बदलणं, शिफ्टचा चार्ज देणं. एकेक चौकोन काढा. मग विचारा, "यातल्या कुठल्या ठिकाणी डोकं लावावं लागतं? नवीन पोरगा कुठे फसतो?" त्या चौकोनांभोवती गोल करा. बाकीचे टप्पे सोडून द्या, त्यांना एसओपी आहे.

हा भाग मिलिटेलो आणि हटन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सुटसुटीत पद्धतीतला आहे. संशोधक नसलेल्या, प्रशिक्षण आखणाऱ्या माणसालाही सीटीए करता यावं, यासाठीच त्यांनी ती बेतली होती. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

घडलेला प्रसंग खोदा

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका. "तुम्ही साधारणपणे काय करता?" असं विचारलं की पुन्हा एसओपीच ऐकायला मिळते. त्याऐवजी म्हणा, "असा एखादा दिवस सांगा, जेव्हा तुमच्या जागी नवीन माणूस असता तर नक्की माल गेला असता." मोठा अपघात शोधत बसू नका. साधा पण अवघड प्रसंग हवा, आणि तो त्यांनी स्वतः हाताळलेला असावा.

प्रसंगावरून चार वेळा फिरायचं असतं. पहिल्या फेरीत ते सांगतील ते मधे न बोलता ऐका. दुसऱ्या फेरीत काळाची रेघ ओढा: किती वाजता काय झालं, कधी काय कळलं, कुठे वळण आलं. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वळणावर थांबून काय दिसलं, काय ऐकू आलं, तेव्हा मनात काय आलं ते विचारा. चौथ्या फेरीत जर-तर विचारा. तिसरी फेरी साधारण अशी चालते (चिप म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग):

"आवाजावरून कळलं म्हणालात. कसला आवाज?"
"खरखर नाही. जरा फाटल्यासारखा."
"मग लगेच मशीन थांबवली?"
"नाही ना. आधी चिप बघितली. सकाळी तुकडे पडत होते. आता लांब दोरीसारखी गुंडाळत होती."
"आणि साइज?"
"साइज तर टॉलरन्समध्येच. पण मागचे आठ-दहा जॉब बघितले तर एकाच बाजूला चाललेला, दोन-दोन मायक्रॉन वर."
"म्हणजे तुम्हाला काय वाटलं?"
"धार गेली. आणखी काय!"
"नवीन पोरगा असता तर त्याने काय केलं असतं?"
"ऑफसेट मारला असता. साइज आला असता, पोरगा खूश. फिनिश गेलं असतं, आणि थोड्या वेळाने टिप तुटून जॉबमध्ये घुसली असती."

या दोन मिनिटांत जे मिळालं ते एसओपीच्या तीन पानांत नाही. एसओपी म्हणते, साइज सरकला की ऑफसेट द्या. सेटरच्या डोक्यात त्याआधी एक प्रश्न असतो: साइज का सरकला? बाहेरचा व्यास कापताना इन्सर्ट झिजला की साइज हळूहळू एकाच दिशेने वाढत जातो. एकदम उडी मारली तर धार जाण्याचा संशय दुय्यम. आधी जॉ आणि जॉबच्या मधे चिप अडकलीय का, इन्सर्टचा स्क्रू ढिला झालाय का, ते बघायचं. कधी वर कधी खाली असं होत असेल तर पकड किंवा मोजणी तपासायची. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या तासात सरकत असेल तर मशीन अजून गरम व्हायचीय, तेव्हा प्रत्येक जॉबला ऑफसेट मारत पाठलाग केला तर दहा वाजता उलटं सगळं निस्तरावं लागतं. दुखणं एकच दिसतं, पण औषधं चार.

आणखी एक खूण अशाच मुलाखतीतून निघते. मशीनमधून काढल्या काढल्या मोजलेला जॉब गरम असतो. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन प्रसरण पावतं. म्हणजे ५० मिमी व्यासाचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर मायक्रोमीटर जवळपास ११-१२ मायक्रॉन जास्त दाखवणार. टॉलरन्स घट्ट असेल तर एवढ्यात खेळ खलास. जुना सेटर जॉब हातात धरून क्षणभर थांबतो. तो तापमान बघत असतो, हे त्याला स्वतःलाही विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

"का केलंत?" हा प्रश्न शक्यतो टाळा. त्याने माणूस बचावाला येतो आणि पुस्तकी कारणं देतो. "त्या वेळी काय दिसलं?", "आणखी काय असू शकलं असतं?", "तुमचा अंदाज चुकला असता तर कशावरून कळलं असतं?" हे प्रश्न विचारा. उत्तर "अनुभव" असं आलं की आनंदाने तिथेच खोदा, कारण त्याच्या खालीच माल पुरलेला असतो.

उरलेलं चाळून घ्या

एका प्रसंगात सगळं येत नाही. म्हणून दुसऱ्या बैठकीत ठरावीक दिशांनी चाचपणी करा. एखादी गोष्ट तुम्हाला दिसली पण बाकीच्यांच्या लक्षातच आली नाही, असं कधी झालं? मशीन सांगते एक आणि खरं असतं दुसरं, असं कधी होतं? हाताशी योग्य साधन नसताना काम कसं निभावलं? आपण चुकतोय हे तुम्हाला स्वतःला कसं कळतं? प्रत्येक उत्तराला उदाहरण मागा. उदाहरण देता आलं नाही तर ते वाक्य वहीत कंसात टाका. बहुधा ते ऐकीव असतं.

मग जमल्यास एक प्रयोग करा. पंधरा जॉबचं खरं रीडिंग एकेका चिठ्ठीवर लिहा, जाणकाराला एकेक दाखवा आणि विचारा, "आता काय कराल?" तिन्ही जाणकार सातव्या चिठ्ठीवर थांबले आणि नवा मुलगा तेराव्यावर, तर तुमच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा तिथेच सापडला.

तोंडाने जे येत नाही

प्रसंगाची मुलाखत सगळीकडे चालत नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीनंतर मणी धरले की विरळणी सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळीत दोन-तीन बाया अशा असतात की त्यांचा घड पुढे उठून दिसतो. त्यांना "अवघड प्रसंग सांगा" म्हटलं तर त्या हसतील. त्यांच्या कामात नाट्य नाही, शेकडो बारके निर्णय आहेत: कुठला मणी ठेवायचा, कुठली फांदी काढायची, घडाचा शेंडा किती मारायचा.

अशा वेळी कात्री त्यांच्या हातात द्या आणि काम करता करता मनातलं मोठ्याने बोलायला सांगा. "मावशी, आत्ता कात्री इथे नेली आणि परत आणली, काय झालं?" मोबाइलवर हाताचं चित्रीकरण करा, चेहऱ्याचं नको. संध्याकाळी तेच चित्रीकरण त्यांना दाखवून पुन्हा विचारा. काम चालू असताना बोलायला अवघड जाणाऱ्या बाया स्वतःचे हात पडद्यावर बघून भराभरा बोलतात. घाईच्या दिवसांत बागायतदार यासाठी अर्धा तासही सोडायचा नाही, हे मान्य. एका ओळीच्या शेवटच्या दोन झाडांपुरतं मागा.

बाग मालकाचा फवारणीचा निर्णय मात्र पुन्हा प्रसंगाच्या मुलाखतीचा विषय आहे. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला, पानं ओली राहिली, डाउनी या बुरशीजन्य रोगाची भीती आहे, फवारणी आत्ता करायची की पाऊस थांबेपर्यंत थांबायचं? त्यात "मागच्या पावसात तुम्ही काय केलं" असं विचारलं की माणूस तासभर बोलतो. मात्र औषधाचं प्रमाण आणि काढणीआधीचा कालावधी लेबलावरूनच घ्यायचा, कोणाच्या अनुभवावरून नाही.

तक्ता

जमवलेलं सगळं एका तक्त्यात उतरवा. चार रकाने पुरतात: अवघड निर्णय कोणता, तो अवघड का, नवखा कुठे चुकतो, जाणकार कशावरून ओळखतो. आपल्या उदाहरणातली एक ओळ अशी होईल. निर्णय: ऑफसेट द्यायचा की टिप बदलायची. अवघड का: दोन्हींत साइज सारखाच सरकलेला दिसतो आणि टिप बदलण्यात वेळ जातो, प्रॉडक्शनचा आकडा पडतो. नवखा कुठे चुकतो: फक्त शेवटचं रीडिंग बघतो. जाणकार कशावरून ओळखतो: मागच्या आठ-दहा रीडिंगची दिशा, चिपचा आकार, आवाज, फिनिशवरची चमक.

"प्रॉडक्शनचा आकडा पडतो" हे लिहायला लाजू नका. कित्येकदा नव्या पोराला काय करायचं ते माहीत असतं, पण शिफ्टचा आकडा त्याला थांबू देत नाही. त्याला प्रशिक्षण हे उत्तर नाही आणि तसं तुम्ही व्यवस्थापनाला सांगायला हवं.

तीन जाणकारांची मतं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका. बहुतेक वेळा प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळी मशीन किंवा वेगळा माल असतो आणि सगळेच बरोबर असतात. तो फरकच धडा होतो. काही वेळा मात्र जाणकार चुकीचंही सांगतो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या समजुती असतात, त्या प्रोसेस इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि दरवाजाचा इंटरलॉक बायपास करणं, चालत्या मशीनमध्ये हाताने चिप ओढणं असल्या "युक्त्या" कितीही कसलेल्या माणसाने सांगितल्या तरी प्रशिक्षणात जाणार नाहीत. तक्ता तयार झाला की जाणकारांना परत दाखवा. ते हमखास एखादी ओळ खोडतात आणि दोन नव्या सांगतात.

आता प्रशिक्षण

इथे बरेच जण तक्त्याचीच स्लाइड करतात आणि केलेल्या कामावर पाणी पडतं. खुणांची यादी वाचून कोणाला खुणा दिसायला लागत नाहीत.

धडे निर्णयांभोवती बांधा. प्रत्येक निर्णयासाठी पाच-सहा खरे प्रसंग घ्या. सोपे आधी, मग फसवे. मशीन शॉपमध्ये यासाठी साहित्य फुकट मिळतं: रिजेक्ट झालेले जॉब, झिजलेल्या आणि तुटलेल्या टिप, वेगवेगळ्या वेळच्या चिपच्या पुड्या, रीडिंगचे तक्ते, मोबाइलवर टिपलेले आवाज. एका खोक्यात भरा, प्रत्येकावर नंबर टाका. आवाजाचं रेकॉर्डिंग शॉपच्या गोंगाटात फारसं चांगलं येत नाही, तेव्हा तो भाग मशीनजवळच शिकवा.

शिकवताना क्रम पाळा. प्रसंग अर्धा सांगून थांबा. मुलाने काय करणार आणि कशावरून, ते आधी कागदावर लिहायचं. तोंडी नको, तोंडी उत्तर शेजारी बघून बदलतं. मग जाणकाराने त्या क्षणी काय बघितलं ते दाखवा. दोन्ही शेजारी ठेवा आणि मुलालाच फरक शोधू द्या. "ऑफसेट दिला" आणि "ऑफसेट दिला, पण आधी मागची दहा रीडिंग बघितली" यातला फरक त्याने स्वतः बोलून दाखवला की तो त्याचा झाला. एका बैठकीत दोनच निर्णय घ्या. तासाभरात सहा निर्णय भरले तर सहाही जातात.

एसओपी फेकून द्यायची नाही. पायऱ्या पाठ असतील तरच डोकं निर्णयाकडे द्यायला मोकळं राहतं. दोन-तीन ओळी तिच्यात घालता येतात, उदाहरणार्थ "ऑफसेट देण्याआधी मागची दहा रीडिंग बघा". मात्र प्रत्येक खूण एसओपीत कोंबू नका, ती पुन्हा कोणी वाचणार नाही.

परीक्षा घ्याल तेव्हा वर्गात न दाखवलेला प्रसंग द्या. वर्गातलाच दिला तर तुम्ही त्याचं पाठांतर तपासता. काम सुरू झाल्यावर रिजेक्शनचा आकडा बघा, पण एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका, माल आणि जॉब बदलत असतात. त्यापेक्षा लवकर दिसणारी एक गोष्ट असते: साइज टॉलरन्सच्या आत असतानाच किती मुलं स्वतःहून मशीन थांबवतात, आणि रात्री फोन येतो तेव्हा "साइज येत नाही" एवढंच म्हणतात की "वर चाललाय, चिप लांब येतेय, टिप बदलू का?" असं विचारतात.

वेळ नसेल तर

पूर्ण सीटीए करायला काही आठवडे सहज जातात, आणि दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला ते परवडत नाही. मग छोटं करा. एक जाणकार, एक प्रसंग, दीड तासाची मुलाखत, तक्त्याच्या दोन ओळी, खोक्यात चार-पाच वस्तू. एवढ्यावर नव्या मुलांचा पहिला आठवडा बऱ्यापैकी बदलतो. दुसरा जाणकार पुढच्या महिन्यात.

खोकं मात्र वर्षानुवर्षं तेच ठेवू नका. इन्सर्टचा ग्रेड बदलला, कूलंट बदललं, मशीन नवी आली की चिपचा आकार आणि आवाज दोन्ही बदलतात आणि जुन्या खुणा फसवतात. जॉब बदलाच्या यादीत "प्रशिक्षणाचं खोकं तपासणे" ही एक ओळ टाकून ठेवा आणि तिच्यासमोर कोणाचं तरी नाव लिहा. नाव नसलेली ओळ कोणी करत नाही.